वाचून दिलेला अंगठा

ताईशी वाकडं घ्यायचं नाही, हे त्या खुर्च्यांच्या कारखान्यात नवा माणूस लागला की त्याला पहिल्याच चहाच्या सुट्टीत कानात सांगितलं जायचं. आता ती काही आरडाओरडा करणारी बाई नव्हती. बुटकी, अंगानं भरलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात घरीदारी अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिवणारे घालतात ते धातूचं टोपण. शिवण विभागाची प्रमुख. कुणी चुकलं तर ती नुसती हसायची. तेच वाईट. फोम भरणाऱ्या एकानं एकदा तिची कापडाची कात्री न विचारता नेली आणि त्याच कात्रीनं पुठ्ठा कापला. ताई नुसती हसली. त्यानंतर तो निवृत्त होईपर्यंत त्याच्या स्टुलाची गादी दर थोड्या दिवसांनी नेमकी तो टेकला की उसवायची. गडी उठायचा, शिव्या घालायचा, गादी ताईकडेच शिवायला आणायचा आणि ताई ती हसतमुखानं शिवून द्यायची.

असा हिचा डूख. नवरा म्हणायचा, "अगं, कशाला एवढं मनात धरून बसतेस?" तर म्हणायची, "अहो, मी कुठं धरते? ते आपोआप राहतं."

तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कापड कापायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नाही. आई गेली तेव्हा जाता जाता तिनं ताईचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "याचे कान तूच." ताईनं ते मनावर घेतलं. घरात बोलणं हातांनीच चालायचं. मास्तर तिला हाक मारायचे ती मधल्या बोटाच्या टोकावर टिचकी मारून, म्हणजे अंगुस्तानवाली. ती त्यांना हाक मारायची दोन बोटांची कात्री करून. आणि लहानपणापासूनच्या सवयीनं ती कुणाशीही बोलली तरी ओठ स्वच्छ, सावकाश हलवायची, कारण मास्तर ओठ वाचायचे. दुकानदाराशी बोलतानासुद्धा तसंच. दुकानदाराला वाटायचं, बाई आपल्याला बावळट समजते.

भांडले की मास्तर डोळे मिटून घ्यायचे. बस्स. आपण बोलणाऱ्याला "गप्प बस" म्हणतो, कान झाकून घेतो, तरी चार शब्द आत शिरतातच. मास्तरांनी डोळे मिटले की दार बंद. लहानपणी ताई त्यांच्या पापण्या बोटांनी ओढून उघडायची आणि मार खायची.

पूर्वी कारखान्यात काही सांगायचं असलं की सगळ्यांना खाली लोखंडी सांगाड्यांच्या ढिगापाशी उभं करायचे. व्यवस्थापक बोलायचा आणि ताई एका बाजूला उभी राहून भावाला हातांनी सांगायची. तो बराच वेळ बोलला की ताईच्या हातांतून एकच वाक्य निघायचं. मास्तर भुवया उंचावायचे, एवढंच बोलला? ताई सांगायची, बाकी सगळी हवा होती. मास्तर हसायचे, पण त्यांना ते लागायचं. हवा असली तरी ती आपल्या वाट्याची होती, असं त्यांना वाटत असणार.

मग त्या व्यवस्थापकाच्या जागी नवे साहेब आले. तरुण, गोरेगोमटे, दोन फोनवाले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांच्या फोनमध्ये कामाचं एक अ‍ॅप घालायला लावलं. "आजपासून जिने चढायचे नाहीत, उतरायचे नाहीत. सगळं ग्रुपवर." लोकांनी तोंडं वाकडी केली. पण खोटं कशाला बोला, ती गोष्ट चांगली होती. एखादी शिवण वाकडी आली तर तिचा फोटो काढून टाकला की ऑफिसातून नक्षा काढणारा तिथल्या तिथं सांगायचा की इथून उसवा. गोडाऊनवाल्याला दहा हाका मारायला नकोत. मालवाहू गाडी कुठं अडकली आहे ते ड्रायव्हर स्वतःच कळवायचा. पूर्वी एकाचं दुसऱ्याला कळेपर्यंत कापड कापून शिवून व्हायचं आणि मग कळायचं की रंगच चुकला. ते थांबलं.

आणि मास्तर! मास्तरांना तर जणू कुणी कारखान्याचं दार उघडून दिलं. जे इतरांना कळायचं ते त्याच क्षणी मास्तरांना. ओळीखाली बोट धरून ते एकूणएक मेसेज वाचायचे, अगदी संडासाचा नळ गळतो आहे हासुद्धा. आणि लिहायचे! एकदा साहेबांनी टाकलं, "कटिंगचा आवाज फार होतो, ऑफिसात त्रास होतो." मास्तरांनी खाली लिहिलं, "मला तर कधीच झाला नाही." अख्खा कारखाना खो खो हसला. इतकी वर्षं ज्या माणसाला सगळे मान हलवून टाळायचे, तो किती मिश्कील आहे हे लोकांना ग्रुपवर कळलं. ताईला फार बरं वाटलं. आणि थोडं, अगदी थोडं, वाईटही वाटलं. आता तिच्या हातांची गरज उरली नव्हती.

पण चांगल्याला नजर लावायची असेल तर साहेबासारखा माणूस पाहिजे. मेसेज वाचल्याचं कळायला पाहिजे म्हणून त्यानं पद्धत घातली, वाचलं की त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकायचं. मग म्हणाला, अंगठा म्हणजे वाचलं आणि मान्य. झालं. मेसेज पडायला लागले धो धो. कोण वाचणार? माणसं डास मारल्यासारखे अंगठे मारायला लागली. गोडाऊनवाल्यानं सासरे गेल्याचं कळवलं तर त्यावरही अंगठे पडले, त्यात पहिला साहेबाचा. बिचारा गोडाऊनवाला दिवसभर कुणाशी बोलला नाही.

नंतर साहेबाला लिहायचाही कंटाळा आला. गाडी चालवता चालवता बोलून पाठवायला लागला. ग्रुपवर शब्दांच्या जागी आवाजाच्या पट्ट्या दिसायला लागल्या. मास्तर त्या पट्टीवर बोट ठेवून बघत बसायचे. तिथं वाचायला काही नव्हतं. ते फोन घेऊन ताईकडे यायचे, काय म्हणतोय? ताईच्या मशीनवर काम पडलेलं असायचं. ती एका हातानं खुणावायची, नंतर सांगते. आणि ते नंतर बहुतेक राहूनच जायचं. सवय मोडली होती ना. साहेबाला कुणी तरी म्हणालं, मास्तरांना कळत नाही हो. साहेब म्हणाला, "ताई आहेत की."

त्यानं विभागप्रमुखांचा ग्रुपही वेगळा केला. त्यात ताई, गोडाऊनवाला, सांगाड्यांचा लोहार, हिशेबनीस आणि मालकीणबाई. बाई दूर राहायच्या, वर्षातून एकदा यायच्या, ग्रुपवर अक्षर लिहायच्या नाहीत. पण त्यांचा एक जुना दंडक होता, विभागप्रमुखाच्या संमतीशिवाय कुणालाही कामावरून काढायचं नाही. कटिंग हे शिवण विभागातच धरलेलं, म्हणजे मास्तरांची प्रमुख ताई. मास्तर त्या ग्रुपमध्ये नव्हते.

एका दुपारी ऑर्डर अंगावर आलेली, सुया मोडताहेत, दोरा तुटतोय, आणि प्रमुखांच्या ग्रुपवर साहेबाचा एक हातभर लांब मेसेज आला. नेमका हा लिहिलेला. सुरुवातीला सगळ्यांचं अभिनंदन, मग स्वच्छतेबद्दल, मग पार्किंगबद्दल, मग कुठं तरी पोटात, की कापायचं नवं यंत्र येत असल्यानं हातानं कटिंगचं काम बंद करून ते पद रद्द करण्यात येत आहे, संबंधित प्रमुखांनी संमती द्यावी. आणि शेवटी पुन्हा अभिनंदन. ताईच्या एका बोटात अंगुस्तान, दोन बोटांत सुई. तिनं करंगळीच्या पेरानं अंगठा दाबला आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या फोनवर आलं की तुम्हाला ग्रुपमधून काढण्यात आलं आहे. कामावरून काढल्याचं त्यांना असं कळलं. त्यांनी साहेबाला लिहून विचारलं, का? साहेबानं तो मेसेजच त्यांना धाडून दिला, खाली ताईच्या नावाचा अंगठा.

मास्तर शिवण विभागात आले. त्यांनी फोन ताईसमोर धरला आणि अंगठ्यावर बोट ठेवलं. ताईनं वाचलं. पहिल्यांदा वाचलं. ती हातांनी सांगायला लागली, मी वाचलं नव्हतं, देवाशपथ वाचलं नव्हतं, कामात होते. मास्तरांनी हातांनी सावकाश सांगितलं, मी तर नळाचंसुद्धा वाचतो. आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच वळले, दाराच्या चौकटीला खांदा आपटला, मग डोळे उघडून निघून गेले.

ताई तरातरा साहेबाच्या केबिनमध्ये गेली. तिथं दुसरं कुणी नव्हतं. "साहेब, मी तो मेसेज वाचला नव्हता हो. घाईत दाबला. माझा सख्खा भाऊ आहे तो, मी त्याला काढायला संमती देईन का?"

साहेबानं खुर्ची थोडी मागं रेलली. ती खुर्चीही ताईच्याच हातची. गोड हसून म्हणाला, "अंगठा तुमचाच ना, ताई?"

"माझाच, पण..."

"मग झालं तर. प्रमुखानं न वाचता संमती दिली असं मी बाईंना कळवू का? तुमचंच नाव खराब होईल. मी आपलं तुमच्या भल्याचं सांगतो."

वर आणखी तुमच्या भल्याचं! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हसली. दार हळू ओढून घेऊन बाहेर आली. तिला तेव्हा ओळखणाऱ्या कुणी पाहिलं असतं तर साहेबाला जाऊन सांगितलं असतं की बाबा रे, आजच्या आज राजीनामा दे.

मास्तरांना ताडपत्रीच्या दुकानात काम मिळालं. ट्रकवर टाकायची जाड, डांबराच्या वासाची ताडपत्री सरळ रेषेत कापायची. ज्या माणसानं आयुष्यभर खुर्चीच्या पाठीची वळणं मखमलीतून काढली, त्यानं. ते ताईच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे. जेवायला खाली यायचे. ताई विचारायची, अजून वाढू? मास्तर अंगठा दाखवायचे. पाणी तापवू? अंगठा. रागावलास का रे? अंगठा, आणि पुन्हा खाली मान. टिचकी मारून हाक मारणं बंद. जो हात इतकं बोलायचा, त्यात आता एवढंच उरलं होतं. एकदा ती न राहवून रडली, तर रडणाऱ्या बहिणीलाही त्यांनी अंगठा दाखवला.

नवऱ्यानं समजावलं, "जाऊन बाईंना खरं ते सांग. बोलतील चार शब्द, खा."

"म्हणजे तो मेला वर राहणार आणि मी नाक घासत जाणार? अहो, आधी त्याला पाणी पाजते. तो गेला की मास्तरांचं बघता येईल."

"आधी मास्तरांचं बघ ना."

"तुम्हाला नाही कळायचं," ताई म्हणाली, आणि तो विषय तिनं तिथंच संपवला.

साहेब मेसेज लिहितो तसे आपणही लिहायचे, असं तिनं ठरवलं. साहेब स्वतः काही वाचत नाही हे तिला ठाऊक होतं, पण खात्री करायची होती. शिवण विभागाचा रोजचा अहवाल तिनं प्रमुखांच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला साहेबांच्या मार्गदर्शनाबद्दल आभार, मग किती गाद्या झाल्या, मग दोऱ्याचा साठा, आणि मध्येच, "खिडकीजवळच्या मशीनला काल ताप होता, अर्धी गोळी दिली, आज बरं आहे." शेवटी पुन्हा आभार. मशीनवरच्या सगळ्या बायका काम थांबवून तिच्या फोनभोवती गोळा झाल्या. अंगठा आला! साहेबाचा! बायकांनी तोंडात रुमाल कोंबले. दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं की तीन नंबरचं मशीन माहेरी जायचं म्हणून हट्ट धरून बसलं आहे. अंगठा. पुढे लिहिलं की लोहाराच्या हातोडीचं लग्न ठरलं आहे, साहेबांनी अगत्य यावं. त्यावर तर अंगठा आणि टाळ्या.

आता ताईला खरी गोडी लागली. रात्री अंथरुणावर पडली की ती मनातल्या मनात वाक्यं रचायची. साहेबाचं नाव कसं घालायचं, कुठं घालायचं. इतकी बारीक शिवण तिनं कापडावरसुद्धा कधी घातली नसेल. नवरा म्हणायचा, "काय पुटपुटतेस?" ती म्हणायची, "हिशेब चुकता करते."

महिन्याचा अहवाल टाकायचा दिवस आला. ताईनं लिहिलं. आभार, गाद्या, दोरा, सुया, खिडकीची काच. मग पोटात, अगदी साहेबाच्याच भाषेत, "आता सर्व काम ग्रुपवरच होत असल्यानं व साहेबांची केबिन बहुतेक रिकामीच असल्यानं, व्यवस्थापक हे पद रद्द करण्यात यावं, साहेबांनी संमती द्यावी." मग पंख्याची दुरुस्ती. मग पुन्हा आभार. पाठवलं. बायकांना या वेळी सांगितलं नव्हतं. ती एकटीच फोन मांडीवर ठेवून बसली. साहेब कुठं तरी गाडीत असेल, एका हातात स्टेअरिंग, एका हातात फोन. दाब रे. दाब मेल्या.

अंगठा आला.

ताईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिनं त्याखाली लिहिलं, "साहेब, अंगठा तुमचाच ना?"

साहेबानं त्याच्यावरही अंगठा दिला.

आणि तेवढ्यात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ग्रुपवर मालकीणबाईंचे शब्द उमटले. "सर्व प्रमुखांनी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यावं. साहेबांनीही."

संध्याकाळी ताईनं घरी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मग वरच्या खोलीखाली जाऊन झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं, कारण ते हादरे मास्तरांच्या पायाला कळायचे. मास्तर जिन्यात आले. ताईनं हातांनी सांगितलं, ये. तुझ्यासाठी आहे. त्याचं काय होतं ते बघ. मास्तर अंगठा दाखवून परत वळणार होते. ताईनं मधल्या बोटावर टिचकी मारली, स्वतःचंच नाव घेतलं, म्हणजे माझ्यासाठी ये. ते आले. टेबलाच्या कोपऱ्याला बसले, जिथून फोनचा पडदाही दिसेल आणि ताईचं तोंडही. ताईनं डावा हात कॅमेऱ्याला दिसणार नाही असा टेबलाखालून त्यांच्या बाजूला धरला. कितीतरी दिवसांनी ती पुन्हा त्यांचे कान झाली. नवरा ओट्याला टेकून उभा राहिला.

पडद्यावर चौकोन उघडले. गोडाऊनवाला, लोहार, हिशेबनीस. बाईंचा चौकोन, पांढरे केस, चष्मा. आणि साहेब, गाडीतच, कुठं तरी रस्त्याच्या कडेला.

बाई म्हणाल्या, "मी लिहीत नाही म्हणून तुम्हाला वाटत असेल मी वाचतही नाही. मी सगळं वाचते. मशीनला ताप आला तेव्हापासून मी बघते आहे." ताईचा डावा हात भराभर चालला होता. मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं. "ताई, तुमची खोडी मला कळली. ती बरी की वाईट ते नंतर बोलू. साहेब, तुमचं पद रद्द करायला तुमची संमती आली आहे. ती तुम्ही वाचून दिली का?"

साहेब बोलायला लागला. हात हलवत, मान हलवत, डोळे मोठे करून बोलत होता, पण आवाज नाही. माइक बंद होता. लोहार सांगायला तोंड उघडणार होता, पण त्याला हातोडीचं लग्न आठवलं असावं. तो गप्प बसला. गोडाऊनवालाही गप्प. त्याला सासरे आठवले असणार. साहेब बिचारा काचेमागच्या माशासारखा तोंडाची उघडझाप करत होता आणि कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. ताईनं डाव्या हातानं भावाला सांगितलं, याचा आवाज येत नाहीये. कुणालाच. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. एवढ्यासाठीच केलं होतं हो सगळं. हे हसू बघायला.

बाई म्हणाल्या, "आवाज येत नाही."

साहेबानं रागानं फोनवर कुठं तरी बोट आपटलं आणि नेमका आवाज आला तो असा, "...त्या शिवणाऱ्या भवानीनं मला गंडवलं, तिला मी बघून घेतो!"

ताईनं तेही हातानं जसंच्या तसं सांगितलं, भवानीसकट. चवीनं सांगितलं.

"हे सगळ्यांनी ऐकलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "साहेब, जो माणूस न वाचता संमती देतो त्याच्या हातात मी कारखाना ठेवू शकत नाही. उद्या येऊन भेटा, कागद करून टाकू."

जिंकली! ताईला वाटलं आता उठून टेबलावर नाचावं. तिनं साहेबाच्या चौकोनावरून नजर काढली नाही. त्याचा चेहरा पांढरा पडताना तिला एकही क्षण चुकवायचा नव्हता.

बाई पुढं म्हणाल्या, "आणखी एक. गेल्या काही महिन्यांत ज्या संमत्या न वाचता दिल्या गेल्या असतील, त्या सगळ्या मी रद्द करणार आहे. कटिंगचे मास्तर गेले, तेही त्यातच येईल. मला ते तेव्हाच खटकलं होतं. ती संमती न वाचता दिली असेल तर मास्तर उद्यापासून कामावर. मात्र ज्यानं दिली त्यानं उद्या साहेबांच्या शेजारी माझ्यासमोर बसायचं. नियम सगळ्यांना एक."

ताईचा डावा हात चालतच होता, सवयीनं, शब्दामागून शब्द. मास्तर उद्यापासून कामावर. मास्तरांचे डोळे एवढाले झाले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

तेवढ्यात साहेब ओरडला, "तिनं तरी कुठं वाचला होता! विचारा ना तिला! माझ्या केबिनमध्ये येऊन स्वतः म्हणाली, न वाचता दिला! विचारा!" आणि तो हसला. तेच हसू, खुर्ची मागं रेलून हसला होता ते. त्याचं बोट पडद्यातून थेट ताईच्या नाकावर रोखलेलं होतं.

"ताई?" बाई म्हणाल्या.

ओट्यापाशी नवरा पुढं झाला. त्यानं तोंडातल्या तोंडात म्हटलं, "सांग. सांगून टाक." सांगायला काय लागणार होतं? दोन शब्द. नाही वाचला. मग उद्या साहेबाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं, चार शब्द खायचे, फार तर प्रमुखपद जाईल, आणि मास्तरांच्या हातात पुन्हा मखमल येईल. ताईला हे सगळं कळत होतं. पण समोर तो हसत होता. त्याच्या देखत कबूल करायचं? मी आणि तो एकाच माळेचे मणी? त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि त्यानं तिथंही म्हणायचं, अंगठा तुमचाच ना, ताई? मेले तरी नाही.

"खोटं बोलतात ते," ताई म्हणाली. "मी वाचूनच दिला होता, बाई."

ती जन्मभर बोलत आली तशीच बोलली. ओठ स्वच्छ हलवत, सावकाश, एक एक शब्द सुटा करून.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग ती संमती कायम राहिली. आजपासून अंगठा बंद. ज्याला जे सांगायचं ते समोर येऊन सांगायचं." साहेबाचा चौकोन काळा झाला. मग बाईंचा. मग बाकीचे एकेक करून गेले.

तेव्हा ताईच्या लक्षात आलं की टेबलाखालचा आपला डावा हात कधीचा थांबला आहे. तिनं मान वळवली. मास्तर तिच्या हाताकडे बघत नव्हते. तोंडाकडे बघत होते.

तिनं दोन्ही हात वर घेतले. तसं नाही, ऐक, तो समोर होता म्हणून, मी उद्या जाते, उद्या सकाळीच बाईंकडे जाऊन खरं सांगते. हात एकमेकांत अडकत होते. अंगुस्तान बोटातून निसटून फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं. मास्तरांनी सगळं बघून घेतलं, शेवटपर्यंत. या वेळी अंगठासुद्धा दाखवला नाही. त्यांनी डोळे मिटले.

फोनवर बायकांचे मेसेज यायला लागले होते, बातमी फुटली होती. ताई, मानलं तुम्हाला. ताई, जिरवली. टाळ्या, हसरे चेहरे, बंदी आल्याचं कळायच्या आत एकामागून एक अंगठे. नवऱ्यानं येऊन फोन पालथा घातला आणि तो बाहेर निघून गेला.

ताईनं भावाच्या तोंडासमोर हात हलवला. टेबल हलवलं. जमिनीवर पाय आपटला, लहानपणी आपटायची तसा. मास्तर जागचे हलले नाहीत. मग ती त्यांच्यासमोर बसली, दोन बोटांची कात्री करून, पुन्हा पुन्हा त्यांना नावानं हाक मारत.